विहिरीस नांव विचारणारें यंत्र

आमच्या मूळच्या घराची विहीर घराहून पुष्कळ खालीं, व्हाळाच्या कांठीं आहे. दापोलीकडील गांवें ज्यांनीं पाहिलीं आहेत त्यांस ह्यांत नवल वाटणार नाहीं. घर डोंगराच्या उतारावर, पाणी तळाशीं आणि मध्यें जांभ्या दगडाची पाखाडी, हा तिकडील नित्याचा प्रकार होय. आमच्या पाखाडीच्या पायऱ्या ११२. लहानपणीं आम्हीं त्या कधीं मोजल्या नाहींत. दोन दोन पायऱ्या एकदम उतरणाऱ्यास मोजण्याची सवड कोठली? त्या मोजण्याचें वय आतां आलें आहे.

घरीं सध्यां दादा आणि वहिनी अशीं दोघेंच असतात. दादा आमच्याहून सहा वर्षांनीं वडील. ज्या वर्षाची ही हकीकत आहे त्या २०२४ सालीं त्यांस ७८ वें वर्ष चालू होतें. पाणी चढविण्याची विजेची मोटार विहिरीवर आहे, पण तिची कळ घराच्या पडवींत आहे. तेव्हां वस्तुतः खालीं जाण्याचें कारण नाहीं. परंतु चैत्र-वैशाखांत विहिरीचें पाणी उतरतें, आणि तें नळीच्या तोंडाखालीं गेलें म्हणजे मोटार कोरडी चालून जळते. अशी एक मोटार २०१९ सालीं जळाली होती. त्या दिवसापासून दादांनीं नेम धरला होता कीं, रोज सांजेस खालीं जावयाचें, गांठी मारलेला दोर विहिरींत सोडावयाचा, किती गांठी भिजल्या तें पाहावयाचें, आणि मग वर येऊन कळ दाबावयाची.

त्या वर्षीं पाडव्यास आम्ही सर्व मंडळी गांवीं गेलों होतों. सांजेस दादा दोर घेऊन गेले ते बराच वेळ वर येईनात. आमच्या सौभाग्यवती परसांत दिवा लावावयास गेल्या होत्या, त्यांनीं पाहिलें तों पाखाडीच्या मधल्या वळणावर दादा बसलेले. हांक मारतांच ते उठले आणि “जरा वारा घेत होतों” असें म्हणाले. त्या वळणावर वारा म्हणून कधीं येत नाहीं, हें घरांतील लहान पोरासहि ठाऊक आहे. रात्रीं जेवणें झाल्यावर आम्हीं मनाशीं ठरविलें कीं, विहिरीचें पाणी दादांना घरबसल्या कळेल अशी कांहीं तजवीज करावयाची. मनाशीं ठरविलें, हे शब्द आम्ही जाणूनबुजून लिहीत आहों. दादांना आम्हीं विचारलें नव्हतें.

ह्या उद्योगांत पडण्याचें धैर्य आम्हांस कोठून आलें तेंहि सांगितलें पाहिजे. आम्ही तारखात्यांत ३१ वर्षें काढलीं. २०१२ सालीं आम्ही निवृत्त झालों, आणि १५ जुलै २०१३ पासून ह्या देशांतील तारसेवाच बंद झाली. म्हणजे आमच्या विद्येला कोणी गिऱ्हाईक राहिलें नाहीं. परंतु ती विद्या संगणकाच्या पोटांत अद्याप जिवंत आहे हें आम्हांस आमच्या पुतणीमुळें कळलें. आम्ही व आमचे धाकटे बंधु पुण्यास एकाच घरांत राहतों. ही त्यांची मुलगी, आणि तिचा व्यवसायच संगणकाचा. तिनें कॉलेजांत असतांना घेतलेला एक लहानसा संगणक तिच्या कपाटांत पडून होता, तो तिनें आम्हांस दिला.

ह्या संगणकाचें नांव रास्पबेरी पाय. मुलांनीं संगणकाशीं नुसतें खेळूं नये, त्यास कामाला लावावयास शिकावें, अशा हेतूनें केंब्रिज येथील एका संस्थेनें तो २९ फेब्रुवारी २०१२ रोजीं विक्रीस काढला. साधारण पत्त्यांच्या डावाएवढी अशी एकच पाटी, तिच्यावरच सगळा संसार. पेटी नाहीं, पडदा नाहीं. आमच्या हातीं आला तो त्यांतील तिसऱ्या पिढीचा, २०१६ सालचा. त्याच्या एका कडेला ४० पिना दोन ओळींत उभ्या असतात, आणि बाहेरच्या जगाशीं त्याचा जो कांहीं व्यवहार हातानें जोडावयाचा तो ह्या पिनांवरून. तो लिनक्स ह्या प्रणालीवर चालतो. लिनक्सचा स्वभाव आमच्या जुन्या हेडक्लार्कांसारखा आहे: सर्व कांहीं करूं देईल, पण अर्ज योग्य त्या टेबलावर आला पाहिजे.

योजना अशी होती. विहिरीच्या तोंडाशीं आडव्या वाशाला एक यंत्र टांगावयाचें. तें कानास न ऐकूं येणारा ध्वनि पाण्यावर सोडतें, आणि प्रतिध्वनि परत येण्यास जो वेळ लागतो त्यावरून पाणी किती खोल आहे तें काढतें. तो आंकडा घरापर्यंत आणावयाचा बिनतारी मार्गानें. घरांतील वाय-फाय तेथवर पोंचत नाहीं, आणि विहिरीपाशीं मोबाइलचीहि रेंज नाहीं. ह्यासाठीं ‘लोरा’ म्हणून एक पद्धति आहे. फ्रान्समधील ग्रनोबल येथील एका लहान कंपनीनें ती काढली, आणि २०१२ सालीं अमेरिकेंतील सेमटेक कंपनीनें ती कंपनीच विकत घेतली. थोडी वीज, थोडीं अक्षरें, बेतानें बोलणें, पण दूरवर पोंचणें, हें तिचें वैशिष्ट्य. आपल्या देशांत ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ ही पट्टी कमी शक्तीच्या अशा उपकरणांस २००५ पासून परवान्याशिवाय खुली आहे, तेव्हां त्याच पट्टींतील दोन मोड्यूल आम्हीं मागविले. बाजारांत दुसऱ्या पट्ट्यांचेहि स्वस्त मिळतात. घेणाऱ्यानें एवढें पाहून घ्यावें. आंगठ्याएवढा तो बिनतारी मोड्यूल; एक विहिरीवर, एक पडवींत रास्पबेरी पायच्या शेजारीं.

आतां मोड्यूल आणि संगणक ह्यांनीं एकमेकांशीं बोलावयाचें तें ‘सिरियल पोर्ट’वरून. हें नांव ऐकून वाचकांनीं बिचकूं नये. एका तारेवरून अक्षराचे कण एकामागून एक सोडावयाचे, दुसऱ्या तारेवरून त्याच रीतीनें ऐकावयाचे, आणि तिसरी तार दोघांच्या शून्याची. एवढाच तो प्रकार. आमचा टेलिप्रिंटर हेंच करीत असे, फक्त त्याचा वेग मिनिटाला सुमारें ४०० अक्षरें, आणि ह्या मोड्यूलचा सेकंदाला ९६०. लिनक्समध्यें अशा दारांच्या नांवांत ‘टीटीवाय’ हीं अक्षरें असतात, तीं टेलिप्रिंटरच्याच इंग्रजी नांवावरून आलेलीं आहेत. हें कळल्यावर आम्हांस जो आनंद झाला तो घरांत दुसऱ्या कोणास समजला नाहीं. पिना क्रमांक ८ व १०, पहिली बोलण्याची, दुसरी ऐकण्याची, आणि शून्याची ६ वी. एकाचें तोंड दुसऱ्याच्या कानाशीं जोडावयाचें. तोंडाशीं तोंड जोडलें तर दोघेहि बोलत राहतात आणि ऐकत कोणीच नाहीं. शिवाय ह्या पिनांना ३.३ व्होल्टच मानवतात. ५ व्होल्ट शिरले तर पिन कायमची जायबंदी होण्याची भीति. हें सर्व आम्हीं चोख केलें. तारा हा आमचा जन्माचा विषय.

चुकलों तें पुढें. आमच्या संगणकावर हें दार मुळांत बंद असतें, तें उघडावें लागतें. आमच्याजवळ एक कांहीं वर्षांपूर्वींचें पुस्तक होतें. त्यांत लिहिल्याप्रमाणें ‘बूट’ ह्या कप्प्यांतील ‘कॉन्फिग’ नांवाच्या फाइलींत आम्हीं ‘एनेबल युआर्ट’ची ओळ घातली, संगणक पुन्हा चालू केला, आणि दार पूर्वींप्रमाणेंच बंद. तीनदां केलें, तीनदां तेंच. चौथ्या वेळीं चष्मा पुसून पाहतों तों त्या फाइलींतच स्पष्ट पाटी लावलेली: येथें लिहूं नका, ही फाइल ‘बूट’मधील ‘फर्मवेअर’ ह्या कप्प्यांत गेली आहे. २०२३ सालच्या आवृत्तीपासून हें बिऱ्हाड हललें आहे. जुन्या पत्त्यावर पत्रें टाकून उत्तर येत नाहीं म्हणून रागावणारे लोक आम्हीं तारखात्यांत पुष्कळ पाहिले होते; त्यांची आठवण झाली आणि मुकाट्यानें नव्या कप्प्यांत ओळ लिहिली.

दार उघडलें. परंतु आमच्या प्रोग्रॅमनें त्यांतून वाचावयास जातांच उत्तर आलें कीं, परवानगी नाहीं. येथें थांबून, परवानगी कां नाहीं, हें विचारावयास हवें होतें. पुतणी त्या वेळीं परगांवीं होती; तिला फोन करणें आम्हांस कमीपणाचें वाटलें. लिनक्समध्यें ‘सुडो’ म्हणून एक शब्द आहे. तो हुकुमाच्या आरंभीं घातला म्हणजे तो हुकूम यंत्राच्या सर्वाधिकाऱ्याच्या नांवानें सुटतो आणि बहुतेक अडथळे बाजूस होतात. आम्हीं तो घातला. पडद्यावर आंकडा आला: १५. दादा दोर घेऊन खालीं जाऊन आले. भिजलेल्या गांठी १५. त्या रात्रीं आम्हीं स्वतःवर इतके खूष होतों कीं वहिनींना दोनदां कॉफी करावयास लावली.

आंकडा दर दहा मिनिटांनीं येई. कधीं कधीं १५ च्या ठिकाणीं नुसता ५ दिसे, कधीं ओळ कोरीच येई. दोष आम्हीं माडांच्या झावळ्यांना दिला, आणि अंक नसलेली ओळ टाकून द्यावी असें प्रोग्रॅमांत लिहून ठेविलें. घरांतील इंटरनेटवरून तोच आंकडा पुण्यास आमच्या फोनवर येईल अशीहि व्यवस्था केली, आणि एप्रिलअखेर पुण्यास परतलों.

तेव्हांपासून आमचा एक नवा नेम सुरू झाला. रोज सांजेस फोन काढावयाचा, आंकडा पाहावयाचा, आणि दादांना कळवावयाचा. “दादा, आज तेरा फूट आहे, मोटार लावायला हरकत नाहीं.” दादा म्हणत, “बरें.” दुसऱ्या दिवशीं, “दादा, साडेबारा.” “बरें.” आमच्या सौभाग्यवती एकदां म्हणाल्या, “त्यांचीच विहीर, तिचें पाणी तुम्ही त्यांना पुण्याहून सांगतां, हें त्यांना कसें वाटत असेल?” आम्हीं तें हांसण्यावारी नेलें.

मेच्या मध्यावर एके दिवशीं सांजेस आंकडा आला १. पुन्हां १. तिसऱ्यांदां १. त्या आठवड्यांत गांवांतील दोन विहिरी आटल्याचें कानावर आलेंच होतें. आम्हीं घाईघाईनें फोन केला, “दादा, विहिरींत फूटभरच पाणी आहे, मोटार मुळींच लावूं नका.” दादा क्षणभर गप्प राहिले आणि मग “असें कसें होईल?” एवढेंच म्हणाले. नंतर त्यांनीं फोन ठेवला. दुपारीं तिकडे वळीवाची सर येऊन गेली होती, हें आम्हांस पुण्यांत कोठून ठाऊक असणार?

रात्रीं साडेनवाला वहिनींचा फोन आला. दादा विजेरी घेऊन खालीं गेले होते. वाळलेल्या पानांच्या थराखालीं जांभा ओला झाला होता. मधल्या वळणाच्या खालीं पाय घसरला, आणि अंगाखालीं डावा हात सांपडला. शेजारच्या दोघां मुलांनीं त्यांना वर आणलें. मनगटाचें हाड मोडलें होतें. विहिरींत पाणी ११ फूट होतें. पडण्यापूर्वीं दादांनीं दोर सोडून पाहिलें होतें.

त्या रात्रीं आम्हीं काय विचार केला तें येथें लिहिण्यांत अर्थ नाहीं. पहांटे पुतणीस घेऊन आम्ही निघालों.

दादा ओटीवर आरामखुर्चींत होते, हात प्लास्टरमध्यें गळ्याशीं बांधलेला. ते आम्हांस कांहींच बोलले नाहींत, “घाटांत गर्दी होती का?” असें विचारलें. बोलल्या त्या वहिनी, आणि त्याहि स्वयंपाकघरांत, भाजी चिरतां चिरतां, मान वर न करतां. “भावजी, राग मानूं नका. पण तुमचा फोन आला कीं हे आधीं चपला शोधीत. पूर्वीं दिवसांतून एकदां खालीं जायचे. तुमचें यंत्र आल्यापासून दोनदां. एकदां नेमानें, आणि एकदां तुम्ही सांगितलेंत तें खरें का तें बघायला.”

आम्ही उठून पडवींत गेलों. पुतणी तोंवर विहिरीवर गेली होती. तिनें खालच्या मोड्यूलला आपला लॅपटॉप जोडला होता. विहिरीहून जें सुटतें तें सुटतें, पण घराकडून कांहीं येतें कीं काय तें तिला पाहावयाचें होतें. वास्तविक घराकडून कांहींच यावयास नको होतें, कारण आमच्या योजनेंत विहिरीनें बोलावयाचें आणि घरानें ऐकावयाचें, एवढेंच होतें. दहा मिनिटांनीं तिनें खालून मोठ्यानें हांक मारली, “काका, लवकर या!” आम्ही ११२ पायऱ्या उतरून गेलों. पडद्यावर इंग्रजी अक्षरांत ओळी उमटत होत्या: रास्पबेरीपाय लॉगिन. पासवर्ड. लॉगिन इन्करेक्ट. पुन्हां रास्पबेरीपाय लॉगिन.

“हें काय?” आम्हीं विचारलें.

“काका, तुमचा संगणक विहिरीला तिचें नांव विचारतो आहे,” ती म्हणाली. “विहीर सांगते, अकरा. तो म्हणतो, बरें, आतां परवलीचा शब्द सांग. ती पुन्हां सांगते, अकरा. तो म्हणतो, चूक.”

उलगडा असा. लिनक्सची फार जुनी चाल आहे कीं, यंत्र जागें होत असतां आपली हकीकत एका सिरियल दारावरून बाहेर सांगत राहावें, आणि जागें झाल्यावर त्याच दाराशीं कोणी माणूस आंत येऊं इच्छितो काय म्हणून नांव विचारीत बसावें. ह्यास कन्सोल म्हणतात. ही चाल टाकाऊ नव्हे. पडदा नसलेलें यंत्र बिघडलें असतां ह्याच दारानें त्याची नाडी पाहतां येते. आणि हें दार माणसासाठीं अडवून ठेवलेलें असतें म्हणूनच इतरांस तेथें परवानगी नसते. आमच्या संगणकांत दार उघडतांच हा द्वारपाल तेथें येऊन बसला होता. आम्हीं ‘सुडो’ म्हणून त्याच्या शेजारीं बळेंच दुसरा ऐकणारा बसविला. आतां एका तारेला दोन कान झाले, आणि जें अक्षर एकानें उचललें तें दुसऱ्यास मिळेना. ११ मधील एक १ द्वारपालाच्या हातीं लागला, एक आमच्या. १५ चा ५ होई तेव्हां तो उघड तुटका दिसे. पण ११ चा १ झाला तर तोहि आंकडाच, आणि पटण्याजोगा.

टेलिप्रिंटरवर बसणाऱ्या नवशिक्या पोरासहि आम्ही पहिल्या दिवशीं सांगत असूं कीं, लाइन हातीं घेण्यापूर्वीं तिच्यावर कोण आहे तें पाहा. ३१ वर्षें जें दुसऱ्यांस सांगितलें तें स्वतः केलें नाहीं. परवानगी नाहीं, ह्या दोन शब्दांत यंत्रानें आम्हांस नेमकें तेंच सांगितलें होतें.

दुरुस्तीस पुरतीं पांच मिनिटेंहि लागलीं नाहींत, हें अधिकच लागलें. रास्पबेरी पायमध्यें ‘रास्पी-कॉन्फिग’ म्हणून एक सोय असते. तींत इंटरफेस ऑप्शन्स, त्याखालीं सिरियल पोर्ट. तेथें यंत्र दोन प्रश्न विचारतें. पहिला: सिरियल दारावरून लॉगिन करूं द्यावयाचें काय? ह्यास उत्तर ‘नाहीं’. दुसरा: सिरियल दाराचें यंत्रांग चालू ठेवावयाचें काय? ह्यास ‘होय’. मग संगणक पुन्हां सुरू करावयाचा. लोक घाईंत पहिल्यासच ‘होय’ म्हणतात, किंवा दोहोंस ‘नाहीं’, आणि मग रात्र रात्र डोकें धरून बसतात. पुतणीनें हें केल्याबरोबर द्वारपाल उठून गेला, आणि ‘सुडो’चीहि गरज उरली नाहीं. ‘डायलआउट’ नांवाच्या गटांत ज्याचें नांव आहे त्यास हें दार साध्या परवानगीनें मिळतें. आमचें नांव त्यांत पहिल्यापासून होतें. दाराला हांक मारतांना मात्र ‘सिरियल-झिरो’ ह्याच नांवानें मारावी, कारण त्या नांवामागें खरें दार कोणतें तें यंत्राच्या पिढीप्रमाणें बदलतें. २०२३ सालच्या पांचव्या पिढींत तर कन्सोलसाठीं तीन पिनांचें निराळें दारच दिलें आहे. ती पाटी ज्यांच्या घरीं असेल त्यांनीं आपला नकाशा निराळा पाहावा.

ह्याच वेळीं आणखी एक गोष्ट आमच्या ध्यानांत आली. आमच्या तिसऱ्या पिढीच्या पाटींत अशीं दोन दारें आहेत, एक भक्कम आणि एक हलकें. २०१६ सालीं पाटीवर ब्ल्यूटूथ आलें, आणि भक्कम दार त्याच्या वांट्यास गेलें. पिनांवर राहिलें तें हलकें. ह्या हलक्या दाराचा वेग यंत्राच्या मुख्य घड्याळाशीं बांधलेला असतो, म्हणून तें उघडतांना घड्याळ २५० मेगाहर्ट्झवर स्थिर धरावें लागतें, आणि अक्षराची समता तपासण्याची सोयहि त्यांत नाहीं. थोरल्यास बाजूस सारून नव्या आलेल्यास पुढची खोली, असा हा व्यवहार पाहून आम्ही तावातावानें म्हणालों कीं ब्ल्यूटूथ बंद करून भक्कम दार पिनांस परत द्यावें. तसें करतां येतें. कॉन्फिगमध्यें ‘डिसेबल-बीटी’ची एक ओळ घालावी लागते. पण पुतणी म्हणाली, “कशाला काका? ९६०० च्या वेगाला हें हलकें दार पुरून उरतें. उगीच कोणाला उठवूं नका.” आदल्या दोन दिवसांच्या अनुभवानंतर ह्यावर वाद घालण्याची आमची छाती नव्हती.

तिनें दुसरें एक काम मात्र केलें. विहिरीकडून नुसता आंकडा न येतां, आरंभाची खूण, आंकडा, त्याची पडताळ्याची बेरीज आणि शेवटची खूण अशी पुरी ओळ येईल, आणि बेरीज न जुळणारी ओळ नुसती टाकून न देतां ‘वाचतां आलें नाहीं’ असें दिसेल, अशी तिनें व्यवस्था केली. तारेंतहि शब्दसंख्या आधीं कळविण्याची पद्धत होती, ती ह्याचसाठीं. तिलाहि आम्हीच ती गोष्ट कधीं काळीं मोठ्या ऐटीनें सांगितली होती.

सायंकाळीं हा सर्व प्रकार आम्हीं दादांस सांगितला. लपविलें कांहीं नाहीं, ‘सुडो’सुद्धां सांगितलें. ते डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, “विहिरीला नांव विचारलें?”

“हो.”

“ती आजोबांनीं खणली. नांव विचारायचें होतें तर मला विचारायचें.”

मग बऱ्याच वेळानें ते म्हणाले कीं, आंकडा त्यांस हवा आहे. गुडघे दुखतात हें खोटें नाहीं, आणि पावसाळी पाखाडी आतां त्यांच्या भरंवशाची राहिली नाहीं. परंतु तो पडवींत, कळीच्या शेजारीं, त्यांच्या डोळ्यांना दिसेल असा हवा. पुण्यास नको. “तुला माझ्या विहिरींत डोकवायचें असेल तर ये इकडे,” असें ते म्हणाले. आवाजांत राग नव्हता, आणि म्हणूनच आम्हांस उत्तर सुचलें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं पुतणीनें कळीच्या वर भिंतीस एक लहान पडदा बसविला, आणि त्याच्याखालीं दोन दिवे. चार फुटांहून अधिक पाणी असलें कीं हिरवा, कमी असलें कीं तांबडा, आणि ओळ वाचतां आली नाहीं तर दोन्ही बंद. दिवा नसेल तर मोटार लावावयाची नाहीं, एवढाच नियम. पुण्यास आंकडा पाठविणारी ओळ आम्हीं आमच्या हातानें खोडली. ती खोडतांना मनांत किंचित् चलबिचल झाली, हेंहि कबूल करतों.

दादांचा हात सहा आठवड्यांनीं मोकळा झाला. वहिनी सांगतात कीं, ते अजूनहि खालीं जातात, पण सकाळीं उन्हें आल्यावर, काठी घेऊन, आणि दोर न घेतां. व्हाळाच्या कांठच्या चिऱ्यावर अर्धा तास बसतात आणि येतात. तेथें काय करतात हें आम्हीं विचारलेलें नाहीं.

पावसाळ्यापासून सांजेस फोन येतो तो दादांचा. पहिले कांहीं दिवस ते आरंभींच आंकडा सांगत, “आज बावीस”. जणूं आमच्या नोकरीचीच बदली त्यांच्याकडे झाली होती. परवां त्यांचा फोन आला तो फणसांवरून, मग शेजारच्या म्हशीवरून, मग १९६१ सालीं व्हाळाला पूर आला होता त्यावरून, असा पाऊण तास चालला. आंकडा सांगावयाचें त्यांच्या लक्षांतून गेलें, आणि आम्हींहि विचारला नाहीं.